वरच्या मठाचा क्षीण उजेड

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या शिन्पू गावात हिवाळ्याच्या तोंडावर वारा सुटला की हाताच्या अंतरावर बोललेलंही उडून जातं, आणि ही गोष्ट तर मुळात ऐकण्याचीच आहे. एका म्हाताऱ्या आईची, डोंगरावर गेलेल्या तिच्या मुलाची, आणि दोघांच्या मधे अडकलेल्या तिच्या लेकीची. चहा ओतून ठेवा. गार झाला तरी उठू नका, एवढंच मागणं.

लेकीचं नाव युयेन. फान घराण्यातली. चाळिशी ओलांडलेली, लग्नाच्या वाटेला गेली नाही. आठवडाभर ती शिन्चूच्या विज्ञान पार्कातल्या कंपनीत असायची आणि शनिवारी सकाळी गाडी काढून घरी, आईकडे. घर म्हणजे काय, पर्सिमनचं अंगण. त्या दिवसांत अंगणभर बांबूच्या गोल सुपांतून सोललेली केशरी फळं वाऱ्याला ठेवलेली असतात, आणि म्हाताऱ्या बायका सुपांपाशी बसून एकेक फळ बोटांनी दाबत, मऊ करत राहतात. युयेनची आईही तशीच बसायची. फरक इतकाच की कमरेचं हाड मोडल्यापासून ती बांबूच्या खुर्चीत बसायची आणि सुपं तिच्यापाशी आणून द्यावी लागायची.

"झाली का गं तुझी डबी?" शनिवारी लेकीनं पायातले बूट काढायच्या आत आईचा प्रश्न तयार असायचा.

"होतेय, आमे."

"गेल्या शनिवारीही होतच होती. कोंबडी एवढ्या वेळात पिल्लं काढते."

त्या डबीला कंपनीत ट्रान्सीव्हर म्हणतात. करंगळीएवढी धातूची नळकांडी. एका अंगाने उजेड बोलते, दुसऱ्या अंगाने उजेड ऐकते. युयेनचं सगळं आयुष्य असल्या डब्या लहान लहान करण्यात गेलं होतं. आईला ते समजावून सांगताना तिला एकदा चांगलाच घाम फुटला होता.

"आमे, काचेची एक तार आहे समज. केसाएवढी. खालच्या गावातल्या केंद्रातून ती निघते आणि डोंगरात चढता चढता तिला फाटे फुटतात. एक फाटा चुंगमामांच्या दुकानात, एक शाळेत, एक पोलीस चौकीत. सगळ्यात शेवटचा वरच्या मठात. केंद्रात माझी डबी बसायची. ती सगळ्यांशी एकदम बोलते. पण ऐकते मात्र एकेकाचं. ज्याची पाळी, त्यानंच बोलायचं."

"आणि दोघं एकदम बोलले तर?"

"एकदम बोलायचंच नाही."

"मग ती तार आपल्या फान घराण्यात चालायची नाही," आई म्हणाली आणि पुढचं फळ उचललं.

वरच्या मठात युयेनचा धाकटा भाऊ होता. शियेनहुंग. मठात त्याला दुसरं नाव मिळालं होतं, पण आईच्या तोंडी तो आहुंगच. वडील गेल्यानंतरच्या वसंतात त्यानं पार्कातली बरी नोकरी सोडली, डोकं भादरलं आणि डोंगर चढला. तो मठ कडक. तिथल्या साधूंनी खाली उतरायचं नाही, फोन ठेवायचा नाही, घरच्यांना वर्षातून एकदाच भेटायचं, तेही घरच्यांनी वर चढून आलं तर. आई दर वर्षी चढायची. सोबत वाळवलेल्या पर्सिमनची पिशवी असायची. मग कंबर मोडली आणि चढणं संपलं.

आहुंगचा गळा गोड होता. मठात संध्याकाळी दिवे लागले की सगळे साधू मिळून अमिताभ बुद्धाचं नाव गातात. त्यात आधी एकट्यानं सूर उचलून द्यायचा, मग बाकीच्यांनी तो धरायचा, अशी रीत. तो सूर उचलून देण्याचं काम आता आहुंगकडे आहे, असं युयेननंच वरून आल्यावर आईला सांगितलं होतं. तेव्हापासून म्हातारीला दुसरं काही सुचेना.

एका वर्षी युयेननं मठाच्या पायरीशी उभं राहून ते नामगान फोनमध्ये भरून आणलं. आईनं डोळे मिटून ऐकलं, आणि संपल्यावर फोन लेकीच्या हातात परत दिला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हे परवाचं गं. गाऊन तो उठून गेला, जेवला असेल, झोपला असेल. तो आत्ता कसा आहे ते यात कुठे येतं?"

मग वरच्या मोठ्या महाराजांनीच मार्ग काढला. मठात पूर्वी चढून येणारे भाविक सगळे म्हातारे झाले होते. त्यांना घरबसल्या संध्याकाळचं नाम त्याच वेळी ऐकू यावं म्हणून सभामंडपात एक माइक लावायला त्यांनी संमती दिली. पण डोंगराच्या घळीत मोबाइल चालत नव्हता. काचेची तार पोचली तरच. आणि ते खोरं कुठल्या कंपनीच्या डब्यांवर चालणार होतं, तर युयेनच्या.

हे युयेननं ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. आईला मात्र सांगून बसली. त्यात त्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी आईला तपासलं आणि युयेनला बाजूला घेऊन सांगितलं की आतली नसच वाळत चालली आहे, यंत्रानं थोडे दिवस भागेल, पुढे यंत्राचाही उपयोग नाही. बाजूला घेऊन सांगितलेलं आईला ऐकू गेलं नाही, पण लेकीचा चेहरा तिनं वाचला.

"किती दिवस म्हणतात?" तिनं गाडीत विचारलं.

"तसं काही सांगता येत नाही, आमे."

"बरं. मग तू हात चालव जरा."

एवढंच होतं बघा सगळं. आईचे कान पुढे निघाले होते आणि लेकीची डबी मागून धावत होती.

* * *

हिवाळा सुरू होता होता डबी तयार झाली. परीक्षेच्या टेबलावर तिनं इतका मंद उजेड ऐकला की युयेननं आकडा दोनदा तपासला. मठाकडून येणारा उजेड त्याहून अंमळ जास्तच असणार होता. डब्या खोऱ्यातल्या केंद्रात गेल्या. युयेननं आईला फोन करून सांगितलं, "रविवारी, आमे." आईनं शेजारणीला बोलावून केस धुऊन घेतले.

रविवारी दुपारी केंद्रावरच्या तंत्रज्ञाचा फोन आला. त्याच्या आवाजावरूनच युयेनला कळलं.

"ताई, दुकान लागलं. शाळा लागली. चौकी लागली. मठाचं कळत नाही काही. त्यांच्याकडचा दिवा हिरवा आहे म्हणतात. म्हणजे आपलं त्यांना ऐकू जातंय. त्यांचं आपल्याला येत नाही. मधेच एखादा शब्द येतो, परत गप्प."

"जोड तपासले?"

"वर चढून तपासून आलो. पाय मोडले माझे. तिथल्या बुवांनी गरम आल्याचं पाणी पाजलं म्हणून बोलतोय तुमच्याशी."

त्या संध्याकाळी आई धुतलेले केस मागे बांधून देव्हाऱ्यासमोर बसली होती. युयेननं तिच्यापुढे गुडघे टेकले आणि नुसती मान हलवली. आई म्हणाली, "तो गायला असेल ना पण?"

"गायला असेल."

"मग झालं. आज त्याचं काही अडलं नाही."

* * *

कंपनीत युयेनची जोडीदारीण होती वेइ तिंगफाङ. दोघी एकाच वर्षी लागलेल्या. युयेन डबीचं ऐकणं बघायची, तिंगफाङ डबीचं बोलणं. दोघींची टेबलं बोळाच्या दोन बाजूंना, आणि त्यांच्यात चेष्टेचं युद्ध कायमचं. पार्कातल्या प्रत्येक यंत्रावर हिरव्या पुडीतला नारळी कुरकुरा ठेवतात, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी आणि तिची तारीख उलटलेली नको. मठाची बातमी कळल्यावर तिंगफाङ आधी युयेनच्या टेबलावरची पुडी उलटी करून बघायला आली.

"बघ! गेल्या महिन्यात संपली हिची तारीख. तुझं यंत्र रुसलंय."

"तिंगफाङ, आज नको."

"मी सकाळपासून वाट बघतेय तू रडशील म्हणून. रडत नाहीस, मग चेष्टा तरी सहन कर." आणि तिनं खिशातली ताजी पुडी काढून यंत्रावर ठेवली.

युयेन तिच्याकडे न बघता मठाएवढा मंद उजेड डबीत सोडत होती. समोरच्या पडद्यावर चुकांचा आकडा शून्यावर बसून होता. डबी मजेत ऐकत होती. मग केंद्रात हिला काय होतं?

"ही डबी मला दे, बोलण्याची परीक्षा राहिलीय तिची," तिंगफाङ म्हणाली. "की तू अशीच बसणार आहेस तिच्याकडे बघत? थांब, इथंच करते. माझी पिन लावू दे."

तिनं बाजूनं आपली वायर लावली आणि बटण दाबलं. पडद्यावरचा शून्य हलला. मग आकडे धावायलाच लागले.

"काय केलंस?" युयेन खुर्चीवरून उठली.

"काही नाही. लेझर लावला."

"बंद कर."

आकडा थांबला.

"लाव."

पुन्हा धावला. तिंगफाङनं आणखी एकदा बंद केलं, आणखी एकदा लावलं, आणि मग हळूच म्हणाली, "अगं बाई."

चूक अशी होती. डबीचं ऐकणं तपासताना तिचं बोलणं बंद ठेवायचं, असा नियम होता. फार पूर्वी डब्या काड्यापेटीएवढ्या होत्या, बोलणारा लेझर एका टोकाला आणि ऐकणारा डोळा दुसऱ्या टोकाला. एकाचा दुसऱ्याला पत्ता नसायचा. लेझर तेव्हा नाजूक, उगाच झिजवायचा कशाला, म्हणून हा नियम झाला. डब्या लहान होत गेल्या, लेझर आणि डोळा गालाला गाल लावून बसले, नियम तोच राहिला. बोळाच्या एका बाजूला डबी नुसती बोलायची, दुसऱ्या बाजूला नुसती ऐकायची, आणि दोन्ही बाजूंनी शंभरपैकी शंभर गुण घेऊन बाहेर पडायची. खऱ्या जगात मात्र तिला दोन्ही एकाच वेळी करायचं होतं. आपल्याच बोलण्याच्या गोंगाटात दूरच्या मठाची हाक तिला ऐकू येत नव्हती. दुकान आणि शाळा जवळ, त्यांचा आवाज मोठा, म्हणून ते निभावले.

आणि तो नियम लिहिला होता कुणी? युयेननंच, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी.

तिनं त्याच दुपारी एक डबी उभी कापून भिंगाखाली धरली. मधे एक तिरकी काच. बोलण्याचा उजेड तिच्यातून पार होऊन तारेत शिरतो. बहुतेक शिरतो. थोडा काचेवरून घसरून बाजूच्या भिंतीवर जातो आणि तिथून उलटा फिरून थेट समोरच्या डोळ्यात. ती भिंत आरशासारखी लखलखत होती. युयेननं हौसेनं तिला सोन्याचा मुलामा द्यायला लावला होता. गंज धरू नये हे खरं, पण डबी आतून सुंदर दिसावी हेही खरं.

* * *

विभागप्रमुख लो साहेबांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी बैठक झाली. लो साहेब वाईट माणूस नव्हे. फक्त वर्षअखेर जवळ आली की त्यांना सगळ्या गोष्टी लवकर मिटवायच्या असतात.

"सोपं आहे," ते म्हणाले. "ग्राहकाला कळवू की शेवटचा टप्पा यातून वगळा. मठ आणि त्याखालची दोनचार घरं. त्यांच्यासाठी अख्ख्या डबीचं पोट पुन्हा कोरायचं? साधू लोक आहेत, ध्यान लावतात, त्यांना इंटरनेट कशाला हवंय?"

तिंगफाङ हसली. युयेनला हसू आलं नाही.

तिला त्या क्षणी सांगता आलं असतं की तिथं माझा भाऊ आहे, माझी आई वाट बघतेय आणि तिचे कान चाललेत. जिभेच्या टोकावर आलंही. पण मग डबीचं बोलणं बाजूला राहून तिच्या घरचं बोलणं सुरू झालं असतं, आणि सगळ्यांनी तिच्याकडे दयेनं बघितलं असतं. तिनं ते गिळलं.

"साहेब, नियम माझा होता, चूक माझी आहे," ती म्हणाली. "पण हे फक्त मठापुरतं नाही. काचेच्या तारा म्हाताऱ्या होतात. जोड सैल होतात, धूळ बसते. आज ज्यांचा आवाज मोठा आहे, त्यांचाही एक दिवस बारीक होणार. शाळेचा होईल, चौकीचा होईल. तेव्हा ही डबी एकेकाला विसरत जाईल. असली वस्तू आपण विकतोय, हे मला ठाऊक असताना मी सही करणार नाही."

लो साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ग्राहकाला हे सांगायचं कुणी?"

"मी सांगते."

"यंदाच्या मेजवानीत कोंबडीचं डोकं कुणाकडे वळवायचं, त्याची मला काळजी होती," ते म्हणाले. वर्षअखेरच्या जेवणात ज्याच्याकडे कोंबडीचं डोकं, त्याची नोकरी गेली, अशी आमच्याकडची जुनी चेष्टा. "बरं झालं, तू आपण होऊन खुर्ची पकडलीस. जा, कोर नवीन पोट. पण डबीचा आकार एका केसानंही वाढता कामा नये."

बाहेर बोळात तिंगफाङनं तिचा दंड धरला. "आता मला खरं सांग. कोण आहे त्या मठात?"

"तुला कुणी सांगितलं कोण आहे म्हणून?"

"पंधरा वर्षं तुझ्यासमोर बसतेय मी. तू शाळेसाठी एवढी भांडली नसतीस."

मग युयेननं सांगितलं. सगळंच सांगितलं. आईचं सांगितलं, आणि ज्याबद्दल तिनं कुणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं तेही. भाऊ मठात गेला त्या दिवसापासून तिनं देवाचं नाव घेतलं नव्हतं. आईसाठी उदबत्ती लावायची, फुलं बदलायची, पाणी ठेवायचं, पण ओठ मिटलेले. घर मी सांभाळायचं आणि नाव त्यानं घ्यायचं, अशी वाटणी त्यानंच केली ना, मग तशीच राहू दे.

"रागावलीयस तर त्याचा आवाज खाली आणायला का मरतेयस?" तिंगफाङनं विचारलं.

युयेननं खिडकीतून पार्किंगमधल्या स्कूटरींकडे बघितलं. "मलाही ऐकायचाय गं," ती म्हणाली.

* * *

डबीच्या पोटात काळोख करायचा होता. ऐकायला सोपं वाटतं. तिनं आधी भिंतीला काळा रंग लावला. डबी बंद करून तापवली तर रंगाची वाफ सुटून भिंगावर धुकं धरलं. मग भिंत खरवडून खडबडीत केली. उजेड कमी झाला, पण पुरेसा नाही. मग भिंत तिरकी कापायचं ठरलं, म्हणजे चुकार उजेड डोळ्याकडे न फिरता खाली जाईल, आणि खाली त्याच्यासाठी एक खोल, काळवलेला खड्डा. एकदा शिरला की आतल्या आत आपटत विझून जाईल. पण एवढ्याशा धातूत असा खड्डा कोरणार कोण? दोन कारखान्यांनी हात जोडले. तिसऱ्यानं कोरला तर भिंत पातळ होऊन फाटली.

इकडे अंगणातली फळं वाळून पांढरी साखर धरू लागली, सुपं धुऊन आढ्याला टांगली गेली, नवं वर्ष आलं आणि गेलं. दर शनिवारी युयेन घरी जायची आणि दर शनिवारी आईचं ऐकणं थोडं आणखी मागे सरकलेलं असायचं. आधी पक्षी गेले. मग चहाच्या किटलीची शिट्टी. मग दारातून मारलेली हाक. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र आई कानात घालायची आणि तासाभरात काढून ठेवायची.

"त्यात सगळ्या जगाचा कचरा ऐकू येतो," ती म्हणायची. "शेजाऱ्याचा पंखासुद्धा. आहुंग ऐकू येत असेल तर घालीन. नाहीतर कानात शेंगदाणा खुपसून कशाला बसू?"

"येईल, आमे."

"काय?"

"येईल, येईल!" युयेन ओरडायची, आणि ओरडताना तिला स्वतःचीच लाज वाटायची, कारण ओरडून सांगितलेलं आश्वासन खोटं वाटतं.

एकदा आईनं स्वतःहून विषय काढला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. मला तर असाही येतो तो ऐकू. संध्याकाळी दिवा लावला की इथं," आणि तिनं छातीवर बोट ठेवलं. "पण इथं तो वीस वर्षांचाच आहे गं. तुझ्या फोनातलंही आता जुनं झालं. आता त्याचा आवाज कसा झालाय, जाड झाला की कसं, ते इथं कळत नाही."

चिंगमिंगच्या सुमाराला, म्हणजे सगळे वाडवडिलांच्या थडग्यांवरचं गवत काढायला जातात तेव्हा, चौथ्या कारखान्याकडून डबीचं पोट आलं. तिरकी भिंत, खाली काळा खड्डा, कुठे चीर नाही. युयेननं लेझर लावला. तिंगफाङनं मंद उजेड सोडला, मठाएवढा, मग त्याहून मंद. आकडा शून्यावर बसला तो हललाच नाही. तिंगफाङनं टाळी वाजवली नाही की काही नाही. नुसती म्हणाली, "जा. गाडी काढ. मी पाठवते डब्या केंद्रावर. तू आईपाशी बस."

* * *

मठाची तार लागली त्या दिवशी युयेन दुपारपासून घरी होती. देव्हाऱ्यात क्वानयीन देवीची मूर्ती आणि वाडवडिलांच्या नावांच्या पाट्या; त्यांच्यासमोर तिनं एक चांगला मोठा स्पीकर ठेवला. आईनं धुतलेला निळा सदरा घातला होता आणि कानात यंत्र. दिवे लागायची वेळ झाली. स्पीकरमधून आधी नुसती हवा आली, मोठ्या रिकाम्या मंडपाची हवा. चटईवर पावलं घासल्याचा आवाज. कुणीतरी खाकरलं. मग घंटेचा एक ठोका, तो पूर्ण विरेपर्यंत कुणी हललं नाही, आणि मग लाकडी ठोकळ्याचे संथ ठोके सुरू झाले.

आणि मग तो. एकटा, अमिताभ बुद्धाचं नाव घेत. "नामो आमितोफो."

युयेन स्पीकरजवळ सरकली. आवाज जाड झाला होता. कडेला थोडा घासलेला, वडिलांचा व्हायचा तसा. तरी शब्द उचलताना तो हलकेच वर हेलकावायचा, तो हेलकावा जसाच्या तसा होता. मागून सगळ्यांनी सूर धरला.

तिनं आईकडे बघितलं. आई तिच्याच चेहऱ्याकडे बघत होती.

"लागलं का?" आईनं विचारलं.

युयेननं आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. आईनं मान तिरकी केली, यंत्र बोटानं दाबलं, डोळे मिटले, उघडले.

"काहीतरी घुमतंय," ती म्हणाली. "वारा सुटलाय का बाहेर?"

वारा नव्हता. वसंतातली गप्प संध्याकाळ होती.

युयेन खाली बसली आणि तिला रडू फुटलं. इतका हिवाळा, इतकी कापलेली डबी, आणि शेवटचा हातभर रस्ता तिला बांधता आला नव्हता. डबीला ऐकू येत होतं. केंद्राला येत होतं. आईला येत नव्हतं. आईनं वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं, रडतेस काय! तो गातोय ना आत्ता?"

युयेननं मान हलवली.

"तुला ऐकू येतंय ना?"

पुन्हा मान.

"मग म्हण की. तो म्हणतोय तसं म्हण. इथं ये." आणि आईनं यंत्र काढून टाकलं, आपला डावा कान, जो जरा बरा होता तो, लेकीकडे केला.

युयेनच्या ओठांना ते नाव इतक्या वर्षांत शिवलं नव्हतं. तिनं आईच्या कानाला तोंड लावलं आणि पुटपुटली, "नामो आमितोफो."

"निरोप सांगितल्यासारखं काय बोलतेस? सुरात म्हण. त्याच्या सुरात."

स्पीकरमधून आहुंगनं पुन्हा शब्द उचलला. युयेननं श्वास घेतला आणि त्याच्या मागून, एक ठोका उशिरानं, तो हेलकावा घ्यायचा प्रयत्न केला. गळा फाटका, सूर घसरलेला. पुढच्या वेळी थोडा बरा. त्याच्या पुढच्या वेळी त्यानं श्वास घेतला तिथं तिचाही श्वास आला. आईनं डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले. वर डोंगरावर तो उचलायचा, खाली लेक झील धरायची, आणि म्हातारीच्या कानात तो उतरायचा. मधेच तो खोकला. युयेन थांबली.

"काय झालं?"

"खोकला तो."

"कसा?"

"म्हणजे? खोकला."

"कसा खोकला, तसं खोकून दाखव ना."

युयेननं आईच्या कानात भावाचा खोकला खोकून दाखवला. आईनं तो लक्ष देऊन ऐकला, अगदी डॉक्टरनं ऐकावा तसा.

"कोरडा आहे," ती म्हणाली. "मध घ्यायला हवा. बरं, पुढे म्हण."

नाम संपेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या, तोंडाला कान लावून. शेवटची घंटा विरली, चटया गुंडाळल्याचे आवाज आले, कुणीतरी माइक बंद केला. आईनं यंत्र काही परत कानात घातलं नाही.

"जाड झालाय ना आवाज?" तिनं विचारलं.

"हो, आमे."

"वाटलंच मला. तू म्हणतानाही जाडच काढलास." मग, "उद्याही म्हणशील ना?"

तेव्हापासून युयेन रोज संध्याकाळी शिन्चूहून गाडी हाणत शिन्पूला येते. रस्त्यात गर्दी असली तर दोनचार आवर्तनं चुकतात, मग आई बोलून दाखवते. लो साहेब म्हणतात ही बाई हल्ली वेळेवर घरी जाते, काहीतरी बिनसलंय. गळा अजून फाटकाच आहे, पण शेजारचा कुत्रा आता भुंकत नाही.

आहुंगला यातलं काही ठाऊक नाही. त्याला एवढंच माहीत आहे की मंडपात एक माइक आहे आणि खाली कुणी कुणी म्हातारी माणसं ऐकतात. त्यात आपली आई आहे हे त्याला माहीत नाही. तिला ऐकू येत नाही हेही माहीत नाही, आणि आपला सूर रोज आपल्याच बहिणीच्या तोंडातून तिच्यापर्यंत पोचतो हेही नाही. वर्षातून एकदाची भेट अजून लांब आहे. तो सूर उचलतो, सोडून देतो आणि उठून जातो. म्हणून एक विनंती. उद्या तुमच्या घरी दिवेलागण होईल तेव्हा, घडीभर का होईना, त्या आहुंगची आठवण काढा.